कादंबरीकार थॅकरेचा गोतावळा

विल्यम मेकपीस थॅकरे हा इंग्रजी कादंबरीकार १८ जुलै १८११ रोजी कलकत्त्यात जन्मला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनचे दिवाणखाने, क्लब आणि लग्नांचे सौदे त्याने इतके बारकाईने रंगवले की तो अस्सल लंडनकर वाटावा. प्रत्यक्षात त्याचे घराणे कंपनी सरकारच्या चाकरीवर उभे राहिलेले होते. बापाकडून थॅकरे आणि आईकडून बीचर ही दोन्ही कुळे बंगालात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होती. काका, आत्या, आतेभाऊ यांच्यापैकी बहुतेकांचे जन्म, लग्ने किंवा मरणे हिंदुस्थानात झाली. त्याच्या कादंबऱ्यांतली माणसे हिंदुस्थानच्या भूमीवर फार वेळ वावरत नाहीत. पण तिथून आलेला पैसा, तिथून परतलेले साहेब आणि तिथून विलायतेला धाडलेली पोरे वजा केली, तर त्या कथानकांतले निम्मे घडणार नाही. महाराष्ट्रात त्याचे नाव आणखी एका कारणाने माहीत आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी लेखन या आवडत्या लेखकाच्या नावाप्रमाणे केले, असे सांगतात.

घराण्याची सुरुवात मात्र शाळेतून झाली. पणजोबा टॉमस थॅकरे हे हॅरोच्या प्रसिद्ध शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांना सोळा मुले होती. विद्वत्ता भरपूर आणि वाटून घ्यायला पैसा थोडा, अशा घरातला सोळावा मुलगा वडिलोपार्जित इस्टेटीची आशा धरू शकत नव्हता. हा धाकटा मुलगा, म्हणजे कादंबरीकाराचा आजोबा, त्याचेही नाव विल्यम मेकपीस थॅकरेच. तो १७६६ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, कंपनीचा कारकून म्हणून कलकत्त्याला गेला. प्लासीला तेव्हा नऊ वर्षे झाली होती आणि बंगालची दिवाणी मिळून जेमतेम एक वर्ष. कंपनीचा पगार तुटपुंजा, पण खाजगी व्यापाराला मुभा. त्यामुळे शहाणा माणूस पगारावर अवलंबून राहत नसे. आजोबा सिल्हेटला कारभारी झाला आणि तिथल्या जंगलात हत्ती पकडून विकण्याचा धंदा त्याने केला. घराण्यात तो ‘सिल्हेट थॅकरे’ म्हणूनच ओळखला गेला. दहा-अकरा वर्षांत पुरेशी माया जमवून तो इंग्लंडला परतला आणि लंडनच्या उत्तरेला हॅडली गावी जमीनदारासारखा राहू लागला.

त्याने एकट्याने संसार थाटला नाही. त्याच्या दोन बहिणीही बंगालात आल्या आणि तिथेच त्यांची लग्ने झाली. त्यांतली जेन हिने १७७२ साली जेम्स रेनेलशी लग्न केले. हा रेनेल म्हणजे बंगालचा सर्व्हेअर जनरल. नद्या-खाड्या पायाखाली घालून त्याने केलेला बंगालचा नकाशासंग्रह आणि पुढचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा यांमुळे त्याला इंग्रज भूगोलाचा जनक मानले जाते. बहिणींना भावाकडे बोलावून घ्यायचे आणि त्यांची लग्ने कंपनीच्या अधिकाऱ्यांशी जुळवायची, ही त्या काळच्या इंग्रज कुटुंबांची ठरलेली रीत होती. इंग्लंडात हुंड्याविना अडलेली मुलगी कलकत्त्यात काही महिन्यांत उजवली जाई. थॅकरे, बीचर, शेक्सपिअर, रिची ही आडनावे पुढल्या दोन पिढ्यांत एकमेकांत इतकी गुंतली की नावांची उसनवारीही होऊ लागली. रिचमंड हे नाव एका आजीच्या माहेरचे, ते मुलगा, नातू आणि पणतू अशा तिघांना मिळाले.

सिल्हेट थॅकरे स्वतः धडधाकट परतला, पण मुलांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. विल्यम, रिचमंड, वेब, सेंट जॉन, टॉमस आणि चार्ल्स असे सहा मुलगे हिंदुस्थानात गेले आणि त्यांतला एकही म्हातारपण काढायला मायदेशी आला नाही. थोरला विल्यम मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोच्या तालमीत तयार झाला आणि रयतवारीचा आग्रही समर्थक ठरला. टॉमस १८१४ साली गुरख्यांशी झालेल्या लढाईत पडला. चार्ल्स कलकत्त्यात वकिली आणि वृत्तपत्रांत लेखन करी, आणि पिण्यापायी दोन्हींत मागे राहिला. या सहा जणांत मराठी मुलखाशी ज्याचा थेट संबंध आला तो सेंट जॉन.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ नंतर धारवाडकडचा भाग, ज्याला इंग्रज दक्षिण मराठा देश म्हणत, कंपनीच्या अमलाखाली आला. सेंट जॉन थॅकरे हा धारवाडचा कलेक्टर आणि राजकीय प्रतिनिधी. त्याच्या हद्दीला लागून कित्तूरची देसगत होती. सप्टेंबर १८२४ मध्ये तरुण देसाई शिवलिंगरुद्र निपुत्रिक वारला. मृत्यूपूर्वी दत्तक घेतल्याचे दरबाराने कळवले. थॅकरेला ते पटले नाही. दत्तकाची तारीख मागून जुळवली आहे असा त्याचा संशय होता. पुण्याचा कमिशनर चॅपलिन याच्याकडून निर्णय येईपर्यंत थांबण्याऐवजी त्याने खजिन्याला मोहर लावली, पहारे बसवले आणि संस्थानच्या कारभारात हात घातला. मृत देसायाची सावत्र आई राणी चन्नम्मा हिने किल्ल्याचे दरवाजे बंद करून घेतले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी थॅकरेने तोफा लावून दरवाजा उडवण्याची धमकी दिली. मुदत संपायच्या सुमारास दरवाजे आतूनच उघडले, कित्तूरची फौज बाहेर पडली आणि त्या चकमकीत कलेक्टर ठार झाला. दोन इंग्रज अधिकारी ओलीस धरले गेले. डिसेंबरात मोठी फौज येऊन किल्ला पडला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवण्यात आले आणि १८२९ साली ती तिथेच वारली. कर्नाटकात आणि बेळगाव-धारवाडच्या मराठी घरांतही चन्नम्मा ठाऊक आहे. तिने मारलेला साहेब ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीच्या लेखकाचा, म्हणजे आपल्या थॅकरेचा, सख्खा काका होता, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. दत्तक नामंजूर करण्याचे हेच हत्यार कंपनीने साताऱ्यावर १८४८ मध्ये चालवले, तेव्हा ‘व्हॅनिटी फेअर’चे शेवटचे भाग छापून होत होते.

कादंबरीकाराचे वडील रिचमंड थॅकरे १७९८ साली बंगालात आले आणि महसूल खात्यात झपाट्याने वर चढले. ते अखेरीस चोवीस परगण्यांचे कलेक्टर झाले. नीटनेटका, खर्चिक, चित्रांचा शौकीन असा हा तरुण अधिकारी. लग्नापूर्वी त्याचे शार्लट रड या मिश्रवंशीय स्त्रीशी संबंध होते आणि १८०४ साली त्यांना सारा नावाची मुलगी झाली. कंपनीच्या अधिकाऱ्यांत अशी दुसरी बिऱ्हाडे सर्रास होती. गोरी बायको आली की ती मागल्या दाराने बाहेर जात. त्यामुळे कादंबरीकाराला कलकत्त्यात एक सावत्र बहीण होती. तिचा उल्लेख घराण्याच्या गप्पांत दबक्या आवाजात होई आणि कौटुंबिक आठवणींत ती जवळजवळ नसतेच.

आई ॲन बीचर हिची कहाणी मात्र कुणी कादंबरीत घातली असती तर टीकाकारांनी तिला अतिरंजित म्हटले असते. बाथच्या नाचगाण्यांत तिची हेन्री कारमायकल-स्मिथ या बंगाल इंजिनिअर्सच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी ओळख झाली. मुलगा चांगला, पण धाकटा आणि निष्कांचन. ॲनला वाढवणाऱ्या आजीला हे स्थळ पसंत नव्हते. तिने नातीला सांगितले की तो तापाने वारला. त्याला कळवले की मुलगीच आता तुला विचारत नाही. मग १८०९ साली ॲनची रवानगी कलकत्त्याला झाली आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिचे लग्न रिचमंड थॅकरेशी लागले. एक मुलगा झाल्यावर, १८१२ च्या सुमारास, नवऱ्याने सहजपणे एका नव्या ओळखीच्या अधिकाऱ्याला घरी जेवायला बोलावले. पाहुणा आत आला तो कारमायकल-स्मिथ. सत्य उघड झाले तेव्हा रिचमंडलाही ते कळले, आणि घरातले वातावरण त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाही. १३ सप्टेंबर १८१५ रोजी रिचमंड तापाने वारला. दीड वर्षाने ॲनने आपल्या पहिल्या प्रियकराशी लग्न केले. बहिणींच्या आणि नातींच्या बोलण्यातून ही हकिकत पुढे आली, आणि विरहानंतर पुन्हा भेटणारी, पण पहिली उमेद गमावलेली जोडपी थॅकरेच्या लेखनात का येतात याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आईच्या दुसऱ्या लग्नाआधीच मुलगा तिच्यापासून दूर गेला होता. पाच-सहा वर्षांच्या गोऱ्या मुलांना हवेच्या आणि वळणाच्या कारणाने इंग्लंडला पाठवायचे, हा नियम कुणी मोडत नसे. डिसेंबर १८१६ मध्ये पाच वर्षांचा विल्यम आणि त्याच्याहून लहान आतेभाऊ रिचमंड शेक्सपिअर यांना जहाजात बसवण्यात आले. वाटेत सेंट हेलेना बेटावर एका नोकराने विल्यमला टेकडीवरून बागेत फिरणारा नेपोलियन दाखवला आणि हा माणूस रोज तीन मेंढ्या व सापडतील तेवढी लहान मुले खातो अशी माहितीही पुरवली. इंग्लंडात तो आळीपाळीने नातेवाइकांकडे राहिला. फेअरहॅमला पणजी होती. हीच ती, जिने त्याच्या आईला खोटा निरोप दिला होता. लंडनला आत्या शार्लट रिची होती. एकदा या आत्याने नवऱ्याची टोपी पोराच्या डोक्यावर ठेवली, ती नेमकी बसली, आणि घाबरून तिने त्याला डॉक्टरकडे नेले. डोके मोठे असले तरी आत बरेच काही आहे, असा निर्वाळा मिळाला. साउथँप्टनच्या एका शाळेत त्याचे हाल झाले. आई १८२० च्या सुमारास परतेपर्यंत त्याला तिची वाट पाहण्याची सवय लागून गेली होती. बरोबरचा रिचमंड शेक्सपिअर पुढे बंगालच्या फौजेत गेला आणि १८४० मध्ये खिवाच्या खानाकडून चारशेहून अधिक रशियन गुलाम सोडवून त्यांना सुखरूप पोहोचवल्याबद्दल त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली.

सावत्र बाप हा शब्द ऐकताच जे मनात येते त्याच्याशी कारमायकल-स्मिथचा काही संबंध नव्हता. हा मेजर सरळ, भाबडा, व्यवहारात कच्चा आणि मुलावर जीव टाकणारा होता. ‘द न्यूकम्स’ (१८५३–५५) या कादंबरीतला कर्नल न्यूकम बऱ्याच अंशी त्याच्यावरून घेतलेला आहे. कर्नल आपली आयुष्याची पुंजी बुंदेलखंड बँकेत घालतो आणि बँक बुडते. हा प्रसंगही कल्पनेतून आला नव्हता. १८३० ते १८३४ या काळात कलकत्त्यातल्या एकामागून एक एजन्सी पेढ्या बुडाल्या. निळीच्या व्यवहारात अडकलेल्या या पेढ्यांकडे कंपनीच्या नोकरांनी, विधवांनी आणि पोरक्या मुलांच्या पालकांनी ठेवी ठेवल्या होत्या. रिचमंड थॅकरेने मुलासाठी सुमारे सतरा हजार पौंडांची तजवीज केली होती. तिच्यातला मोठा भाग या बुडिताने नेला. बाकीचे मुलाने स्वतः संपवले. केंब्रिजला तो पदवी न घेता बाहेर पडला. पत्त्यांच्या जुगारात पंधराशे पौंड हरला. एक साप्ताहिक विकत घेऊन बुडवले. मग सावत्र बापाने ‘कॉन्स्टिट्यूशनल’ या वृत्तपत्रात आपले पैसे घातले आणि विल्यमला त्याचा पॅरिसचा वार्ताहर नेमले. ते १८३६ च्या सप्टेंबरात निघाले आणि वर्ष पुरे होण्याआधी बंद पडले. मेजर आणि ॲन यांना स्वस्ताईसाठी पॅरिसला जाऊन राहावे लागले. थॅकरे पोटासाठी लिहू लागला तो या दिवाळखोरीमुळे. वडिलांचा पैसा टिकला असता तर तो बहुधा चित्रे काढत पॅरिसला राहिला असता, आणि चित्रे त्याची बेताचीच होती.

पोटार्थी लेखनाच्या या पहिल्या वर्षांत घराण्याच्या गप्पा त्याला लगेच उपयोगी पडल्या. १८३८–३९ मध्ये मासिकात आलेली मेजर गहॅगनची साहसे ही त्यांतली सर्वांत मजेदार. अहमदनगरच्या अनियमित घोडदळाचा हा आयरिश सेनापती होळकराच्या फौजांशी लढल्याच्या बढाया मारतो आणि तोफेच्या एका गोळ्यात शंभरावर हत्तींच्या सोंडा उडवतो. हिंदुस्थानातून परतलेल्या लष्करी साहेबांच्या जेवणानंतरच्या थापांची ती नक्कल आहे. मराठ्यांशी झालेल्या युद्धांना तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती आणि त्यांतली माणसे लंडन-बाथच्या क्लबांत अजून बसलेली असत. ‘व्हॅनिटी फेअर’मधला जोस सेडली, तो लठ्ठ, भित्रा, तिखटाचा शौकीन कलेक्टर, याच मंडळींतून उचललेला आहे.

२० ऑगस्ट १८३६ रोजी पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत थॅकरेचे इझाबेला शॉ या आयरिश मुलीशी लग्न झाले. तीही एका हिंदुस्थानी फौजेतल्या दिवंगत कर्नलची मुलगी. सासूने लग्न मोडायचा बराच प्रयत्न केला होता. ‘द न्यूकम्स’मधली जीव नकोसा करणारी सासू तिच्यावरून आली, असे जाणकार मानतात. पहिली मुलगी ॲन १८३७ ला झाली. दुसरी जेन आठ महिन्यांची होऊन गेली. तिसरी हॅरियट मॅरियन, घरातली मिनी, मे १८४० मध्ये जन्मली आणि त्या बाळंतपणानंतर इझाबेलाच्या मनाचा तोल गेला. सप्टेंबरात तिला माहेरी आयर्लंडला नेत असताना तिने जहाजातून समुद्रात उडी घेतली. जवळजवळ वीस मिनिटांनी ती तरंगताना सापडली. थॅकरेने पुढली काही वर्षे तिला पॅरिसच्या आणि जर्मनीच्या वैद्यांकडे फिरवले. उपयोग झाला नाही. १८४५ पासून लंडनच्या कँबरवेल भागात एका कुटुंबाकडे पैसे देऊन तिची सोय केली गेली. ती नवऱ्यानंतरही तीस वर्षे जगली आणि १८९४ साली वारली. तेव्हाच्या कायद्यात घटस्फोट शक्य नव्हता, आणि बायको जिवंत असलेला हा विधुर चाळिशीच्या आत एकटा पडला.

मुली आजीकडे पॅरिसला वाढत होत्या. त्या १८४६ मध्ये लंडनला आल्या, तेव्हा थॅकरेने केन्सिंग्टनमध्ये यंग स्ट्रीटवर घर घेतले. ‘व्हॅनिटी फेअर’ जानेवारी १८४७ पासून जुलै १८४८ पर्यंत मासिक भागांत इथूनच बाहेर पडली. या घराचा कारभार सुरळीत कधीच नव्हता. गव्हर्नेस येत आणि जात. आजी अधूनमधून येई आणि नातींना जुन्या करारातला शब्द न् शब्द खरा असल्याचे शिकवी. बाप त्यावर शांतपणे उलटे सांगे. ॲन कारमायकल-स्मिथची भक्ती कडवी होती, आणि आईवरचे प्रेम आणि तिच्या कडवेपणाचा जाच ही दोन्ही थॅकरेने ‘पेंडेनिस’मधल्या आईच्या पात्रात घातली. १८५४ मध्ये एमी क्रो ही मित्राची मुलगी या घरात आली आणि बहिणीसारखी राहिली. तिचा भाऊ चित्रकार एअर क्रो हा थॅकरेचा लेखनिक म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता. एमीने १८६२ मध्ये थॅकरेच्या चुलतभावाशी, दिल्लीच्या १८५७ च्या वेढ्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या एडवर्ड थॅकरेशी, लग्न केले. ती हिंदुस्थानात गेली आणि तीन वर्षांत वारली. तिच्या दोन मुली पुन्हा इंग्लंडला, पुन्हा थॅकरेच्या मुलींकडे आल्या.

याच काळात शार्लट ब्रॉन्टीने एक निरागस घोटाळा केला. थॅकरे तिचा आवडता लेखक. ‘जेन एअर’ची दुसरी आवृत्ती तिने १८४८ च्या जानेवारीत त्याला अर्पण केली. त्या कादंबरीच्या नायकाची वेडी बायको माळ्यावर कोंडलेली असते. थॅकरेची बायको वेडी आहे हे यॉर्कशरच्या त्या पाद्र्याच्या मुलीला ठाऊक नव्हते. लंडनने दोन अधिक दोन केले आणि ‘जेन एअर’ची लेखिका म्हणजे थॅकरेच्या घरची गव्हर्नेस अशी अफवा पसरली; तिला नियतकालिकांतूनही वाट मिळाली. शार्लटला मेल्याहून मेल्यासारखे झाले. थॅकरेने समजूतदारपणा दाखवला. जून १८५० मध्ये त्याने तिच्यासाठी यंग स्ट्रीटवर मेजवानी दिली, कार्लाइल दांपत्यासह बरीच मंडळी बोलावली. पाहुणीने कुणाशी बोलायचे नाही असे जणू ठरवलेच होते. ती फक्त मुलींच्या गव्हर्नेसशी हळू आवाजात बोलत राहिली. संध्याकाळ इतकी थंड झाली की यजमान ओठांवर बोट ठेवून हळूच घराबाहेर पडला आणि क्लबात गेला. तेरा वर्षांच्या ॲनने हे सारे पाहिले आणि म्हातारपणी लिहून ठेवले.

थॅकरेच्या मैत्रीचा गाभा केंब्रिजच्या दिवसांत बनला होता. एडवर्ड फिट्झजेराल्ड, टेनिसन आणि विल्यम ब्रुकफील्ड हे त्यांतले. उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद करणारा तो हाच फिट्झजेराल्ड. त्याला फारसी शिकवणारा कॉवेल पुढे कलकत्त्याला प्राध्यापक झाला आणि तिथल्या एशियाटिक सोसायटीतून त्याने खय्यामच्या एका हस्तलिखिताची नक्कल धाडली. ब्रुकफील्ड पाद्री झाला. त्याच्या बायकोच्या, जेनच्या, प्रेमात थॅकरे पडला. हे प्रेम पत्रांपुरते राहिले. नवरा ती पत्रे वाचत असे, निदान काही. पण १८५१ च्या सप्टेंबरात बायकोशी फटकून वागल्याबद्दल थॅकरेने ब्रुकफील्डला चार शब्द सुनावले, आणि नवऱ्याने त्याचे येणे-जाणे तोडले. त्या कडवटपणातच ‘हेन्री एस्मंड’ (१८५२) लिहून झाली, आणि त्याच्या सर्व पुस्तकांत तीच सर्वांत बांधेसूद उतरली.

दुसरे वर्तुळ पुन्हा कलकत्त्याचे. जेम्स पॅटल या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मुली आपल्या रूपासाठी आणि बोलघेवडेपणासाठी लंडनभर गाजल्या. पॅरिसला असल्यापासून थॅकरेची आणि त्यांची घसट होती. एक बहीण सारा, तिचा नवरा थोबी प्रिन्सेप; ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचा हा भाऊ. त्यांच्या लिटल हॉलंड हाउसमध्ये रविवारी चित्रकार, कवी, निवृत्त साहेब यांचा मेळा भरे. दुसरी बहीण ज्युलिया मार्गारेट कॅमेरन, तिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॅमेरा हातात घेतला आणि त्या शतकातली काही उत्तम व्यक्तिचित्रे टिपली. या बहिणी आपसांत हिंदुस्थानीत बोलत आणि अंगावर शाली मिरवत. कर्मठ लंडनमध्ये त्यांचे घर मोकळे वाटे, आणि थॅकरेच्या मुलींना तर ते हक्काचे होते.

डिकन्सशी मात्र थॅकरेचे कधी नीट जमले नाही. १८३६ मध्ये ‘पिकविक’च्या चित्रकाराने आत्महत्या केली तेव्हा थॅकरे चित्रे घेऊन डिकन्सकडे गेला होता आणि नकार घेऊन परतला. दहा वर्षांनी दोघे बरोबरीचे झाले, आणि वाचकांत दोन तट पडले. १८५८ मध्ये डिकन्सने बायकोला घराबाहेर काढले. मेहुणीशी त्याचे सूत आहे अशी कुजबुज क्लबात चालली असता थॅकरेने ती खोडून काढली, पण ती बाई मेहुणी नव्हे, नटी आहे असे सांगून. हे डिकन्सच्या कानी गेले. त्याच उन्हाळ्यात एडमंड येट्स या तरुण पत्रकाराने थॅकरेवर बोचरा लेख लिहिला. क्लबातल्या खाजगी बोलण्याचा त्यात वापर झाला, असे म्हणून थॅकरेने गॅरिक क्लबाकडे तक्रार केली. डिकन्स येट्सच्या बाजूने उभा राहिला, येट्सला क्लबातून काढले गेले, आणि दोन कादंबरीकारांचे बोलणे पाच वर्षे बंद पडले. दोन्ही घरांतल्या मुली मात्र मैत्रिणी होत्या. डिकन्सची मुलगी केट ही मध्ये पडली, आणि १८६३ च्या शेवटी अथेनियम क्लबच्या पायऱ्यांवर दोघांनी हात मिळवले.

तोवर थॅकरेचे दिवस चांगले आले होते. जॉर्ज स्मिथ या प्रकाशकाने १८६० च्या जानेवारीत ‘कॉर्नहिल मॅगझिन’ काढले, थॅकरेला संपादक केले, आणि पहिला अंक लाखावर खपला. ॲनचे पहिले लेखन याच मासिकात आले. पॅलेस ग्रीनला त्याने स्वतःच्या आवडीचे विटांचे घर बांधले आणि १८६२ मध्ये तिथे राहायला गेला. सावत्र बाप, मेजर, आदल्याच वर्षी वारला होता. २४ डिसेंबर १८६३ च्या पहाटे मेंदूत रक्तस्राव होऊन थॅकरे गेला. वय बावन्न. म्हातारी आई त्याच घरात होती. एका वर्षाने, १८६४ च्या डिसेंबरात, तीही गेली. थॅकरेच्या अंत्यविधीला केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत डिकन्स हजर होता. त्याचा स्वतःचा मुलगा वॉल्टर, हिंदुस्थानातल्या फौजेतला लेफ्टनंट, ३१ डिसेंबरला कलकत्त्यात मरण पावला. बातमी पोहोचायला काही आठवडे लागले.

बापाच्या मृत्यूनंतर दोन्ही मुलींना कॅमेरन कुटुंबाने वाइट बेटावर आपल्याजवळ नेले. मिनीने १८६७ मध्ये लेस्ली स्टीफन या लेखक-संपादकाशी लग्न केले आणि ॲन त्यांच्यातच राहिली. ती बोलकी, उधळी, पत्रावरचा पत्ता विसरणारी. मेहुणा काटेकोर आणि चिडका. तरी घर चालले. १८७० मध्ये मिनीला लॉरा झाली. २८ नोव्हेंबर १८७५ रोजी, स्टीफनच्याच वाढदिवशी, मिनी दुसऱ्या बाळंतपणाआधी झटके येऊन गेली. लॉरा मतिमंद असल्याचे हळूहळू लक्षात आले. आजीकडचे वेड तिच्यात उतरले असे घरच्यांनी धरून चालले, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. शेजारच्या घरात एक तरुण विधवा राहत होती, ज्युलिया डकवर्थ, पॅटल बहिणींची भाची, जन्म कलकत्त्याचा. स्टीफनने १८७८ मध्ये तिच्याशी लग्न केले आणि त्यांच्या चार मुलांपैकी एक म्हणजे व्हर्जिनिया वुल्फ. तिच्या एका भावाचे नाव थोबी, ते प्रिन्सेपवरून.

ॲनने १८७७ मध्ये सर्वांना चकित केले. चाळिसाव्या वर्षी तिने आपल्याहून सतरा वर्षांनी लहान असलेल्या रिचमंड रिचीशी लग्न केले. हा त्याच शार्लट आत्याचा नातू, कलकत्त्यात जन्मलेला. त्याचे वडील विल्यम रिची बंगालचे ॲडव्होकेट जनरल आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. तोंडे वाकडी झाली, स्टीफनची सर्वांत जास्त. रिचमंड इंडिया ऑफिसात चढत गेला आणि १९०९ मध्ये भारतमंत्र्यांचा कायमचा उपसचिव, म्हणजे त्या खात्याचा सर्वोच्च नोकर, झाला. सिल्हेटला हत्ती विकणाऱ्या घराण्याची चौथी पिढी आता लंडनमध्ये बसून अख्ख्या हिंदुस्थानची कागदपत्रे पाहत होती.

थॅकरेने आपले चरित्र लिहू नये असे मुलींना बजावले होते. ॲनने ते पाळले, पण १८९८–९९ च्या समग्र आवृत्तीतल्या प्रत्येक खंडाला प्रस्तावना लिहून बापाची, आजीची आणि कलकत्त्याची हकिकत सांगितली. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम विल्सन हंटर या हिंदुस्थानच्या सनदी इतिहासकाराने थॅकरे घराण्यावर आणि कलकत्त्याच्या कबरींवर पुस्तक लिहिले होते. राष्ट्रीय चरित्रकोशात थॅकरेची नोंद लेस्ली स्टीफनने स्वतः केली. ॲन १९१९ च्या फेब्रुवारीत वारली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘नाइट अँड डे’ या कादंबरीत वुल्फने तिला मिसेस हिलबरीच्या रूपाने रंगवले. आपल्या प्रसिद्ध कवी-बापाचे चरित्र वर्षानुवर्षे लिहीत राहणारी आणि कधीच पुरे न करणारी ती बाई. घरच्यांना ते चित्र फारसे रुचले नाही. लॉरा १८९० च्या दशकापासून संस्थांमध्येच राहिली आणि १९४५ मध्ये वारली. मिनीचा वंश तिच्याबरोबर संपला, ॲनचा तिच्या मुलांकडून पुढे चालू राहिला.